फेअर म्हणणारा सूर्यभान

अकोल्याच्या कापूस बाजारात सूर्यभानला साहेबाच्या भाषेतला एकच शब्द येत असे आणि तेवढ्यावर त्याचं घर चालत असे. शब्द होता 'फेअर'. मुंबईहून खरेदीला आलेल्या गोऱ्या साहेबानं तो शिकवला होता. कचरा नाही, ओल नाही, धागा बऱ्यापैकी लांब, असा माल म्हणजे फेअर. सूर्यभान गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळाची रुई काढून बोटांत ओढून बघायचा आणि दहा गाड्यांतल्या एखादीलाच तो शब्द द्यायचा; साहेब तेवढीच विकत घ्यायचा. बाकीचे शिव्या देत जायचे, पण पुढच्या वर्षी कापूस स्वच्छ वेचून आणायचे.

मग अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले. अशा दिवसांत माणसाची लाज आधी विकली जाते. रुईत सरकी आली, वाळू आली, वजनासाठी पाण्याच्या घागरी ओतल्या जाऊ लागल्या. मुंबईत जहाज खोळंबलंय, सरसकट फेअर म्हणत जा, असं साहेबाच्या कारकुनानं बजावलं. पहिल्या दिवशी सूर्यभानची जीभ अडखळली. आठवड्याभरात सरावली. पुढची तीन वर्षं त्यानं गाडीत हात घातलाच नाही. पान चघळत लांबूनच म्हणायचा. घरावर कौलं चढली, आणि खोटं कशाला बोलू, त्याला झोपही छान लागे.

लढाई संपली. भाव धाडकन पडले. विलायतेत कापसाच्या गासड्या फोडल्यावर काय काय निघालं, त्याची पत्रं साहेबाकडे येऊ लागली.

त्याच हंगामात त्याची धाकटी बहीण माणिकबाई बार्शीटाकळीहून गाडी घेऊन आली. नवरा गेलेला, शेत एकटीनं केलेलं. हा कापूस खपला नाही तर बैलजोडी विकावी लागणार होती आणि बैलांवाचून शेत पडीक. सूर्यभाननं कितीतरी दिवसांनी कोपरापर्यंत हात घातला, रुई ओढली. असा धागा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. वळून तो मोठ्यानं म्हणाला, "फेअर."

कारकुनानं वर न बघताच गाडी परत न्यायला सांगितली. साहेबाचा हुकूम होता: सूर्यभान ज्याला फेअर म्हणेल, तो माल उघडूनसुद्धा पाहायचा नाही.

सूर्यभाननं हात जोडले, रुई त्याच्या नाकापुढं धरली. कारकून पुढच्या गाडीकडे गेला.

"माणिक, मी खरं बोलून राहिलो वं."

"मले माहीत हाय, दादा. पण त्यानं कावून मानावं?" बैल वळवत ती म्हणाली. "आता हे बैल कुठी विकू, तेवढं सांग."

त्यालाच विचारणं तिला भाग होतं. बाजारात तिच्या ओळखीचं दुसरं कोणी नव्हतं.