बायकोचे गुलाबी बूट आणि मिरचीची पथारी

गेल्या हिवाळ्यात ऐन शर्यतीत माझ्या बायकोच्या तळपायांची आग झाली, आणि ती मी लावली होती. एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

बायको शिक्षिका. चाळिशीनंतर पळायला लागली आणि गुडघ्याने तिसऱ्याच दिवशी विरोध नोंदवला. शिक्षकांच्या क्रीडास्पर्धेत तीन किलोमीटरच्या शर्यतीतून ती दोनदा अर्ध्यावर लंगडत बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, पळणं सोडा. तिने डॉक्टर सोडले.

"औंदा रांगत जासू, पन पुरी करसू," ती म्हणाली.

सुरतला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलाने मग तिला बूट पाठवले. सारखी दुखापत होणाऱ्यांसाठीचे खास, गुलाबी, आणि तळ इतका जाड की ते घातल्यावर ती माझ्यापेक्षा उंच झाली! सारंगखेड्याच्या बाजारातल्या घोड्यांच्या खुरांचेही एवढे लाड होत नाहीत.

मी मिरचीच्या पथारीवर मुकादम. गावाबाहेरच्या माळावर ओली लाल मिरची वाळायला पसरतात, ती पथारी. दिवसभर उभं राहून टाचा ठणकतात. आणि आमच्या दोघांच्या पायांचं माप एकच. (यात लाजायचं कोणी, हे अजून ठरलेलं नाही.) शर्यतीआधी पायांना विश्रांती म्हणून ती दोन दिवस धानोऱ्याला माहेरी गेली. बूट मागे राहिले. मीही.

एकदाच घालून बघू म्हणून घातले आणि थेट कामावर गेलो. गादीवर चालल्यासारखं वाटत होतं! काम नसलेल्या कोपऱ्यांतही मी फेऱ्या मारल्या. मिरची निवडणाऱ्या सखूबाईने बराच वेळ खाली पाहिलं.

"मुकादमभाऊ, बूट वहिनीना दिखी ऱ्हायनात."

बायकोचे नाहीत, मुलाचे आहेत, असं मी सांगितलं. मग तिने बुटांऐवजी माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी गुलाबी बूट लाल झाले होते. घाबरून नळाखाली खसाखसा धुतले. पण त्या जाड तळाने घागरभर पाणी पिऊन ठेवलेलं! दुसऱ्या दिवशी सगळ्यात कडक ऊन कुठे मिळेल याचा विचार केला आणि ते पथारीवर नेले. तापलेल्या जमिनीने तळ खराब होऊ नयेत म्हणून काळजीने मिरचीवरच पालथे घातले. वास? वीस वर्षं पथारीवर काढलेल्या नाकाला मिरचीचा वास येत नाही, ती नुसती हवा वाटते.

शर्यतीत पहिला किलोमीटर ठीक गेला. मग बुटांत घाम आला आणि मिरची जागी झाली. बायकोचे डोळे मोठे झाले, पाय जमिनीवर टेकेनात. शेजारी उभे असलेले तिच्या शाळेतले पाटील सर म्हणाले, "वहिनी पयी नही ऱ्हायनी, उडी ऱ्हायनी."

मला सगळं कळलं होतं. ओरडून थांबवावं, तर तिची तिसरी शर्यतही अर्धी राहणार. शिवाय कारण सांगावं लागणार. (पहिली सबब चांगली होती, दुसरी खरी होती.) मी टाळ्या वाजवल्या.

ती तिसरी आली. बादलीत पाय बुडवून बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "पाय जळी ऱ्हायनात, पन गुडघा दुखना नही."

तिथेच मी तोंड उघडायला हवं होतं. पण तिने शाळेत सांगितलं की हे बूट रक्त फिरवतात, आग होते म्हणजे गुण येतो. चार शिक्षिकांनी तसेच बूट मागवले. महिन्याभरात चौघींचे माझ्या मुलाला फोन: आमचे गरम होत नाहीत, बदलून मिळतील का?

यंदा मात्र घोळ अंगाशी आला. बायकोच्याही बुटांतली आग संपली होती. म्हणजे गुण संपला, गुडघा पुन्हा जाणार, असं धरून ती शर्यतीतून नाव काढायला निघाली. डॉक्टरांचं न ऐकलेली बाई माझ्या पापापायी घरी बसणार! मी तिला चहासमोर बसवलं आणि फेऱ्या, नळ, पथारी, सगळं सांगितलं.

तिने कप खाली ठेवला.

"म्हंजे ती ताकद बूटनी नव्हती?"

"नही."

"मंग कोनी?"

"तुन्हीच."

तिने नाव काढलं नाही. यंदा ती दुसरी आली, थंड पायांनी. घरी येऊन बूट कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि माझ्याकडे वळली.

"वरीसभर तोंड शिवी बठनात ना? आते आखो एक वरीस तसंच बठा."

म्हणून हे लिहून काढलं. लिहायलाही बंदी आहे का, हे विचारता येत नाही.