सगळं टाकून यायचं

भर दुपारी भोंगा वाजला आणि आमचं अख्खं विम्याचं ऑफिस जिन्याने खाली आवारात उतरलं. आगबिग काही नव्हती, वर्षातून एकदा होणारा सराव होता. सगळं टाकून यायचं, अशी सक्त ताकीद असते. तरी कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात मोबाइलचा चार्जर. मी आपली अनवाणी. काम करताना चपला टेबलाखाली काढून ठेवायची माझी जुनी सवय.

दर सरावाला शेजारच्या टेबलावरच्या नलूताई माझ्या चपला घेऊन खाली यायच्या. सुरक्षा अधिकारी चिडायचे, "अहो बाई, खरी आग असती तर?"

"मग तर फरशी याहून तापली असती," नलूताई म्हणायच्या.

दिवसभर आम्ही लोकांची जोखीम तोलतो. गोदामातली वायरिंग जुनी आहे का, दुकानाला लागून फटाक्यांचं दुकान आहे का, सगळं खोदून विचारतो. आमच्या स्वतःच्या आराखड्यातही जिने आणि वाळूच्या बादल्या नीट दाखवल्या आहेत. आपल्यासाठी मागे वळणारं माणूस त्यात कुठे दाखवायचं, ते मात्र कुणाला सुचलेलं नाही. नलूताई दिवाळीनंतर निवृत्त होऊन गावी गेल्या.

आज अधिकारी खूश होते. "यंदा वर कुणीही रेंगाळलं नाही," म्हणाले. तापलेल्या फरशीवर एकेक पाय उचलत मी जिन्याच्या दाराकडे बघत होते.

भोंगा वाजला तेव्हा चपला पायाशीच होत्या. मीच घातल्या नाहीत.