साडेपंधरा इंचांचं कोपर

थोरली आणि धाकटी, दोघी सख्ख्या जावा. दोघींचं मिळून एक शिवणाचं दुकान. थोरली कापायची, धाकटी शिवायची. थोरलीची कात्री एकदा कापडात शिरली की थेट पलीकडे निघायची. धाकटीनं कापायला घेतलं तर एक बाही अंगाला आणि दुसरी शेजारणीला. त्यामुळे वीस वर्षं कात्रीला तिनं हात लावला नव्हता, आणि कुणी लावूही दिला नव्हता.

एक दिवस थोरली जिन्यावरून घसरली, ती नेमकी उजव्या हातावर. कोपराजवळ हाड मोडलं. प्लास्टर घातलं आणि ठरल्यापेक्षा तीन आठवडे जास्तच राहिलं, कारण प्लास्टर कापणारा माणूस रजेवर होता. निघालं तेव्हा हात काटकोनात अडकून बसलेला. धड सरळ होईना, धड वाकेना. घास तोंडापाशी येईना, मग कात्री कुठली चालायला.

हात मोकळे करणाऱ्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाई रोज भेटायच्या त्या मोठ्या इस्पितळात, चार तासांच्या बसवर. गावातल्या दवाखान्यात त्या महिन्यातून एकदाच यायच्या, पहिल्या बुधवारी. औषधांची खोकी भिंतीला सारून तिथंच बसायच्या आणि चाळीस माणसं बघायच्या. थोरलीच्या वाट्याला पाच मिनिटं आली. तेवढ्यात बाईंनी हात तपासला, चित्रांचा एक कागद दिला आणि सरळ सांगितलं, "रोज तीनदा हे करायचं. ओढाताण करायची नाही, कुणाकडून चोळून घ्यायचं नाही. चार महिन्यांत सुटलं तर सुटलं. नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतर हात कात्रीला लागेलच असं मी म्हणत नाही."

कागदावर एका बाईचं चित्र होतं. हातात चमचा, चमचा तोंडाकडे. थोरलीनं ते भिंतीला चिकटवलं आणि शाळेतल्या पोरीसारखी कामाला लागली. समोरचा हमाल मधेच येऊन म्हणाला, एक हिसका देतो, मोकळं होऊन जाईल. त्याला तिनं चहा पाजून वाटेला लावलं.

दहा दिवसांत चमचा तोंडाला लागला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं; पुढच्या महिन्याच्या बुधवारी बाईंनीही चमचा बघून छान म्हटलं. धाकटीलाही वाटलं असतं, पण मधेच ब्लाउज उसवला.

थोरलीच्या कोपराखाली येणाऱ्या लांब बाह्यांच्या ब्लाउजचा उजवा मुंडा, म्हणजे बाही खांद्याला जोडतात ती शिवण, पाठीमागून उसवला होता. धाकटीनं दुहेरी टीप मारून दिली. चार दिवसांत पुन्हा तिथंच. स्वतःची शिवण दोनदा उसवावी हे धाकटीच्या जिव्हारी लागलं. तिनं ब्लाउज उलटा करून उजेडात धरला आणि बराच वेळ बघत बसली. वाकणाऱ्या हाताच्या बाहीला कोपराच्या आतल्या बाजूला चुण्या पडतात. डाव्या बाहीला होत्या. उजवी बाही मात्र आत्ताच इस्त्री केल्यासारखी. मग कोपर वाकत नसेल तर चमचा तोंडात जातो कसा?

या प्रश्नानं तिला काही सुचेना. जेवताना आपलं ताट सोडून ती थोरलीच्या ताटाकडे बघू लागली. थोरली म्हणाली, तुला भाजी कमी पडली का. दुसऱ्या दिवशी धाकटी मुद्दाम मागे जाऊन बसली, आणि तेव्हा तिला दिसलं. हात जिथल्या तिथंच होता. खांदा वर चढत होता, पाठ वळत होती आणि मान खाली येऊन चमच्याला भेटत होती.

तिनं टेप काढला. हात जमेल तितका वाकवायला लावून मनगटाच्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत सरळ अंतर मोजलं; कोपर जितकं वाकेल तितकं ते कमी भरायला हवं. साडेपंधरा इंच. आठवड्यानं पुन्हा मोजलं. तेच, सुतानंही कमी नाही.

"जाऊबाई, कोपर काहीच करत नाहीये," ती म्हणाली. "त्याचं काम खांदा आणि मान करतायत."

थोरलीचा चेहरा उतरला, मग तापला. "म्हणजे मी कामचोरी करते? माझ्याच हाताशी?"

"तुम्ही नाही हो. हात करतोय."

"वा. म्हणजे माझा हात आता तुला कळतो, मला नाही."

दोन दिवस दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं होतं. तिसऱ्या दिवशी थोरलीच आरशासमोर उभी राहिली. चमचा उचलला, स्वतःचा खांदा वर जाताना बघितला आणि खाली बसली. दीड महिना फुकट गेला, असं ती म्हणाली.

बाईंच्या पुढच्या बुधवारला अजून तीन आठवडे होते. धाकटी दवाखान्यातल्या नर्सकडे गेली, तिनं फोन लावून दिला. पलीकडे डॉक्टरीणबाई बसमध्ये होत्या, अर्धं ऐकू येत होतं. धाकटीनं विचारलं, पाठ भिंतीला टेकवून बसवलं आणि काखेत चिंधीची घडी धरायला दिली तर? घडी पडली की खांदा हलला असं समजायचं. बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" कुणी नाही, धाकटी म्हणाली, खांदा हलू द्यायचा नाही तर दुसरं काय करणार. बाई म्हणाल्या, करा, पण दुखलं की थांबा, आणि येताना आकडे लिहून आणा.

पहिल्या दिवशी घडी अकरा वेळा पडली. थोरली दात ओठ खाऊन पुन्हा उचलायची आणि धाकटीला म्हणायची, तू जन्मात एवढी सरळ बसली नाहीस. बुधवारी टेपवरचा आकडा चौदा इंच होता. बाईंनी आपली कोन मोजायची पट्टी लावून बघितली, मग धाकटीचा टेप हातात घेऊन उलटसुलट केला. आधी मी तुमचा चमचाच बघितला, त्या म्हणाल्या, चुकलंच माझं. त्या दिवशी बाहेर रांग होती तरी थोरलीपाशी त्या वीस मिनिटं बसल्या, आणि हात सरळ करायचा व्यायामही नीट बसवून दिला.

पुढच्या महिन्याच्या बुधवारी साडेबारा. चौथ्या महिन्याच्या शेवटी अकरा.

ऑपरेशन नको, बाईंनी सांगितलं. आकडा अजून उतरेल का, धाकटीनं विचारलं. बाई म्हणाल्या, उतरेल कदाचित, नाहीही उतरणार, मोजत राहा.

दवाखान्यातून थोरली घरी गेलीच नाही, सरळ दुकानात. कापायच्या टेबलावर धाकटीनं महिनाभर लांबणीवर टाकलेलं कापड पसरलं. खडूची रेघ मारली. कात्री पहिल्या वितीला अडली. तिनं हात थोडा खाली घेतला, कोपर अंगाशी धरलं आणि पुन्हा सुरुवात केली. मधे दोनदा थांबावं लागलं. पण कापड रेघेवरच कापलं गेलं. धाकटी समोर उभी राहून कापड सोडून तिच्या बाहीकडे बघत होती.

"काय बघतेस?"

"चुण्या पडल्यात," धाकटी म्हणाली.