मॅडम आणि वरच्या पापण्या

डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले की माणसाला पाऊण तास काही करता येत नाही. मोबाईल दिसत नाही, पेपर दिसत नाही. मग तो बोलायला लागतो. लातूरच्या आमच्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं सिस्टर आहे आणि थेंब घालायचं काम माझ्याकडे. आता किस्से साठणार नाहीत तर काय होईल?

त्यातले वरच्या पापणीचे किस्से वेगळेच. म्हाताऱ्यांच्या पापण्या लोंबून डोळ्यावर येतात, त्या उचलायच्या, हे आमच्या डॉक्टर मॅडमचं मूळ काम. पण हळूहळू विशी-पंचविशीतली पोरं-पोरी यायला लागली. फोटोत डोळे बारीक दिसतात, पापणीला घडी पाडून द्या म्हणायची. मॅडम तपासायच्या, चांगलं-वाईट सगळं समजावून सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तीन महिन्यांनी या. एकटे या." पुष्कळ जण परत यायचेच नाहीत.

*

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीची गोष्ट. शिरूर अनंतपाळचा एक पोरगा डॉक्टरकीच्या क्लाससाठी इथं रूम करून राहिला होता. पापण्या अशा जड, की फोटोत दारू प्यायल्यासारखा दिसतो म्हणायचा. ऑपरेशन कराच म्हणून हटून बसला.

मॅडमनी विचारलं, झोपतोस कधी, उठतोस कधी. रूमवर पाच जण, पण टँकरच्या रांगेत पहाटे हंडे घेऊन रोज हाच उभा. बाकीचे म्हणायचे, तुला सवय झालीय. मॅडमनी चिठ्ठीवर औषध लिहिलं नाही. लिहिलं, 'महिनाभर पाण्याची पाळी बंद. रोज सात तास झोप.' खाली सही, शिक्का.

महिन्यानं आला तर मी त्याला ओळखलं नाही. पापणीला छान घडी होती! पहिल्यापासूनच होती, सुजेखाली बुडाली होती. चिठ्ठी त्यानं रूमच्या दाराला चिकटवली होती. तेव्हापासून पाळी आली की बाकी चौघांचे डोळे जड व्हायला लागले म्हणे.

*

उदगीरच्या एका अडत्याचा मुलगा आला, वय चोवीस. घरी महादेवाची भक्ती, कपाळाला भस्माचे पट्टे. पापण्या मात्र जन्मापासून अर्ध्या मिटलेल्या. गिऱ्हाइकाला वाटायचं, मालक पेंगून राहिलाय. त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी लई चर्चा होती. तो म्हणाला, "उद्या कलेक्टर बाजारातून जाईल आणि म्हणंल, हे गाव झोपलंय."

मॅडम हसल्या, पण तपासल्यावर त्यांना कळलं. ही हौस नव्हती. पापणी वर राहावी म्हणून तो दिवसभर भुवया ताणून धरायचा. चोविसाव्या वर्षी कपाळावर साठीतल्या माणसाच्या आठ्या. त्याला मॅडमनी तीन महिने थांबवलं नाही. वडिलांच्या मनात नव्हतं. देवानं दिलेलं असू द्या, म्हणत होते. पण पोरानं ऐकलं नाही, ऑपरेशन ठरलं.

या ऑपरेशनला भूल फक्त पापणीपुरती. मध्येच मॅडम पेशंटला उठवून बसवतात आणि दोन्ही डोळे सारखे उघडतात का ते बघतात. सुईतला दोरा केसाहून बारीक. इतक्या वर्षांत किती वेळा पाहिलं असेल, पण त्या क्षणाला मी आजही मॅडमच्या खांद्यावरून वाकून बघते.

महिनाभरानं वडील त्याला घेऊन आले. काही बोलायच्या आधी त्यांनी पोराच्या कपाळाकडं बोट दाखवलं. म्हणाले, "मॅडम, रोज सकाळी याला भस्म मीच लावतो. चोवीस वर्षांत पट्टे आज पहिल्यांदा सरळ आले."

*

नांदेडची एक मुलगी दुसऱ्याच एका मोठ्या शहरात घाईघाईनं पापण्या करून आली होती. कातडी जरा जास्तच काढली गेली. झोपेतही डोळा पूर्ण मिटायचा नाही, बुबुळ कोरडं पडायचं. मलम, थेंब, पट्टी असं मॅडमनी वर्षभर सांभाळलं. पोरगी एकदाही रडली नाही. कॉलेज करून, बस धरून वेळेवर यायची.

एकदा तिच्या शेजारी एक आई-मुलगी बसल्या होत्या. मुलीची मान खाली. आई सांगत होती, हिचे डोळे मोठे करून घ्यायचेत, पुढच्या महिन्यात बघायला येणारेत. नांदेडच्या मुलीनं तेच करून घेतलंय हे कळल्यावर तिला विचारलं, "तुझे छान झालेत की. काही त्रास?"

ती म्हणाली, "त्रास न्हाई. उघडे छान दिसतात. फक्त मिटत न्हाईत."

मी नाव पुकारलं तेव्हा त्या मायलेकींच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

*

इस्लापूरची एक कॉलेजची मुलगी मॅडमचं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुमच्या पापण्या तर माझ्याहून जड हायेत. तुम्ही का न्हाई केलं?"

मी दाराशी उभी, आता काय होतंय म्हणून. मॅडम आरशात बघत म्हणाल्या, "इथं हे काम करणारी मी एकटीच. माझं कोण करणार?"

मुलगी हसत गेली. तीसुद्धा परत आली नाही.

*

आणि एक किल्लारीकडची. वय एकवीस. सोबत वडील, शेतकरी माणूस, कोपऱ्यात टोपी हातात घेऊन बसलेले. मुलीची पापणी जाड, बिनघडीची, पण डोळे निरोगी. मॅडमनी नेहमीचं सांगितलं आणि तीन महिन्यांनी एकटी ये म्हणाल्या.

ती बरोबर तीन महिन्यांनी एकटी आली. मॅडमनी विचारलं, कशासाठी करायचंय? लग्न? फोटो?

म्हणाली, तिचे डोळे तिच्या आत्यासारखे आहेत. आत्या भूकंपात गेली, विशीतली होती. घरच गाडलं गेलं, तिचा एक फोटोही राहिला नाही. त्यामुळं ही जन्मल्यापासून जो येतो तो हिच्या डोळ्यांत बघतो. आजी तर तोंड पाहिलं की पदर डोळ्याला लावते.

मग म्हणाली, "मला बघून घरात कुणी हसत न्हाई, मॅडम. मला माझे डोळे पाहिजेत."

मॅडमनी पुढं एकही प्रश्न विचारला नाही. मला म्हणाल्या, तारीख दे. तरण्या पोरांना परत पाठवणाऱ्या आमच्या मॅडम! मी तारखांची वही उघडली.

ऑपरेशनच्या दिवशी वडील आले. ते नको म्हणतील, अशी मला भीती. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी एक फोटो काढता येईल का? नुस्ता डोळ्यांचा." फोटो आम्ही तसेही काढतो. मी मोठा प्रिंट काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि बाहेर जाऊन बसले.

आठव्या दिवशी टाके काढले. थोडी सूज होती, पण पापणीवर बारीक घडी उमटली होती. मी आरसा दिला. तिनं खूप वेळ पाहिलं. वडील बाजूला उभे होते.

तिनं आरसा खाली ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "सिस्टर, बाबांना दिला तो आत्याचा फोटो. त्याची एक कॉपी मला बी द्या."