मामांच्या कोर्टात राजेमहाराजे

पृथ्वीच्या पाठीवर असा एकही राजा होऊन गेला नसेल, ज्याला आमच्या सौभाग्यवतींच्या मामांनी निदान सहा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली नाही. मामा महाडच्या कोर्टात बेलीफ होते. जन्मभर कशेडीपासून शिवथरपर्यंत समन्स बजावत पायपीट केली. निवृत्त होऊन पोलादपुरात घरी बसल्यावर बजावायला माणसं उरली नाहीत, म्हणून ते इतिहासाकडे वळले. तख्तासाठी सख्ख्या भावाचे डोळे काढणारा बादशहा? जन्मठेप. तहाच्या बोलणीला बोलावून पाहुण्याला कैद करणारा राजा? फसवणूक, शिवाय डांबून ठेवल्याचं कलम वेगळं. आपला-परका हा भेद त्यांच्यापाशी नव्हता. महाडच्या बाजारातले त्यांचे दोस्त, ट्रकवाले चाचा, एकदा कुरकुरले, "भाऊ, आमचे दोन बादशहा आत टाकलेत. तुमचे किती?" मामा शांतपणे म्हणाले, "तीन. चौथ्याची तारीख लागली हाय."

गावच्या शाळेने त्यांना स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून बोलावलं, ती तर घोडचूकच. रंगमंचावर सात राण्यांचा राजा आला आणि पाहुणे खुर्चीतून उठले. "पयली हयात असताना दुसरी केलीस? सात वर्षं जाशील!" राजा होता पाचवीतला. तो मिशीसकट रडायला लागला आणि हेडमास्तरांनी पाहुण्यांचा नारळ घाईघाईने आटोपून घेतला. नंतर ते मामांना समजावायला गेले, "मामा, तो काळच तसा होता." यावर मामांचं उत्तर ठरलेलं असे, "मग काळाला समन्स काढा. पत्ता द्या, मी बजावून येतो. मास्तर, ज्याचे डोळे काढले, त्याला तवाही दुखलंच होतं ना?" या युक्तिवादावर मला आजवर उत्तर सापडलेलं नाही, आणि शोधायची इच्छाही नाही.

मामांची थोरली मुलगी शालनताई कापड्याला दिलेली. एकदा भातकापणी उरकून ती माहेरी आली होती, आम्हीही होतो. जेवणं झाली होती, मामा कुठल्याशा सुलतानाला फैलावर घेत होते, ताई तांदूळ निवडत होती. सुपावरून नजर न काढता ती म्हणाली, "आबा, सातवीत वर्गात पयली आले होते मी. भावाला सांभाळायला मला घरी बसवलंत. माझी केस कधी चालवणार?"

"गो, तवा काळच तसा..." मामा बोलून गेले आणि तिथेच थांबले. ताई मात्र खडे वेचत राहिली. तिला भांडायचं नव्हतं, इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं होतं, एवढंच. मामा उठून पडवीत जाऊन बसले, चहालाही आत आले नाहीत.

यापुढे ते राजांना माफ करू लागतील, असा माझा कयास होता. तो साफ चुकला. सुलतानाची शिक्षा कायम राहिली. पण पुढच्याच आठवड्यात मामा महाडला जाऊन बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आले, स्वतः भरला आणि एसटीने कापड्याला गेले. चाळिशीची ताई खो खो हसली. "आबा, भात लावू का भूमिती करू?" ती परीक्षेला बसली नाही. मामांनीही पुन्हा आग्रह धरला नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागे कापड्याला गेलो तेव्हा ताईने ट्रंकेतून तो फॉर्म काढून दाखवला. लुगड्यांच्या घडीत नीट जपलेला. शाळा सोडण्याचे कारण, या रकान्यात मामांनी आपल्या वळणदार कोर्टी अक्षरात लिहिलं होतं, "वडिलांचा अपराध." खाली सही. ताईने कागद माझ्या हातून परत घेतला, पदराने पुसला आणि म्हणाली, "दहावीचं काय घेऊन बसलात, भावजी? हे लिवलं ना त्यांनी."