शिट्टी डाळीच्या डब्यात

आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत नळाला पाणी कधी येईल हे देवाला ठाऊक, आणि त्याच्या खालोखाल आबांना. आबा म्हणजे माझे वडील. एकाहत्तरच्या लढाईतून पायात छर्रा घेऊन आले. पाइपात हवा फुसफुसली की पहाटेच लंगडत गल्लीत उतरणार, फौजेतली शिट्टी फुंकणार आणि सगळ्यांना उठवत ओरडणार, "पानी उनं रे! उठा बठ्ठा!" आजारी माणसांचे, एकट्या बायकांचे हंडे स्वतः भरून देणार.

मला मात्र पहाटेची झोप प्यारी. माझं दुकान दहाला उघडतं, गच्चीवरची टाकी आपली आपण भरते. मी का उठायचं? गेल्या हिवाळ्यात शिट्टी नेमकी माझ्या खिडकीखाली वाजली आणि त्याच दिवशी मी ती तूरडाळीच्या डब्यात खोल पुरली. थोडी गंमत, असं मनाशी म्हणालो. वय पन्नाशीपुढचं, अक्कल पाचाची.

आबा शोधत राहिले. खुंटी, कोटाचे खिसे, उशीखाली, पुन्हा खुंटी. फौजेत आपलं बटणसुद्धा हरवलं नाही, असं सांगणारा माणूस नातवाच्या दप्तरात हात घालून चाचपू लागला. शहाण्या माणसानं कबूल केलं असतं. मी गुपचूप शिट्टी खुंटीला अडकवली.

केवढं डोकं! सकाळी आबा तिच्याकडे बघतच राहिले. मग खाटेवर बसले. "आठे ते मी देखेल व्हतं," म्हणाले. "रोज देखेल व्हतं."

तेव्हापासून पाणी आलं तरी आबा दारातच उभे. "डोकं गयं मन्हं," एवढंच म्हणायचे. नातवाला शाळेत सोडणंही बंद केलं. रस्त्यात त्यालाच विसरलो तर काय, म्हणून.

लढाईत आबांच्या शेजारी त्यांचा धुळ्याचा सोबती पडला. त्याच्या बायकोला आबा वहिनी म्हणतात, मी काकू. तिची पोरं यांनीच उभं राहून उजवली. दर वर्षी एकटेच एसटीनं तिला भेटायला जातात. यंदा मला म्हणाले, "तू चाल संगे. मी भलत्याच गावले उतरी जासू."

एरंडोल मागे पडल्यावर मी धीर केला.

"आबा, शिट्टी मी लपवली होती. डाळीच्या डब्यात."

"कसाले?"

"झोपमोड व्हायची म्हणून."

आबांनी मला निरखलं, हसले आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "खोटं बोलाले तू पैलेपासून कच्चा शे. बापले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन काहीबी सांगस."

मी आईची शपथ घेतली. डबा कुठला, शिट्टी किती खोल, सगळं सांगितलं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघू लागला.

"राहू दे," आबा म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

धुळ्याला काकू भाकरी थापत होत्या. "यंदा पोऱ्या संगे?" त्यांनी विचारलं. आबांनी डोकं गेल्याचं सांगितलं, आणि बापासाठी मी आपल्यावर आळ घेतला तेही. काकू पिठाच्या हातानं उठल्या, माझ्यावरून हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकड मोडली.

"असा पोऱ्या नशीबमा लागस, भाऊ!"

"काकू, खरंच, मीच—"

दोघंही कौतुकानं हसली. माझ्या ताटात आणखी एक भाकरी पडली. ती गिळताना जो घाम फुटला तो ठेच्याचा, असं मी सांगून टाकलं. तेवढं मात्र त्यांना लगेच पटलं.

निघताना आबांनी कोटाच्या आतल्या खिशातून एसटीचं ज्येष्ठांचं कार्ड काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"तूच ठेव," म्हणाले. "मन्हाकडून हरपी जाई."