कडुपु

“तुम्ही गप्प बसा, नाडीला बोलू द्या.” रोग्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून आमचे डॉक्टर नातेवाइकांना असं म्हणत. नातेवाईक गप्प बसत. मग नाडी बोले आणि डॉक्टर मान हलवत.

सोलापुरात त्यांच्या घरासमोर मी भाड्याने राहत होतो. शाळेत शिकवत होतो. खाली काळा दगड, वर सागवानी सज्जा आणि त्यामागे रंगीत काचांचा दिवाणखाना, असं ते घर. डॉक्टरांनी ते स्वतः बांधलेलं. असा दिवाणखाना बांधणारा माणूस पुढे जन्मभर कुणा तरी मोठ्या पाहुण्याची वाट पाहतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. आमचे डॉक्टरही पाहत होते.

अखेर पाहुणा ठरला. एक बडा गोरा साहेब गावात येणार आणि त्याची पानसुपारी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात होणार. झुंबर उतरवून पुसलं गेलं. डॉक्टरांच्या बाईंनी चांदीची अत्तरदाणी चिंचेने घासली. डॉक्टरांना ‘रावसाहेब’ किताब मिळणार, असं गल्लीने परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टर नाही म्हणत. पण हसून म्हणत.

त्याच सुमारास एक तेलुगू विणकर दवाखान्यात आला. बायको आजारी होती. “डॉक्टरसाब, कडुपु नोप्पी. लई नोप्पी.”

नोप्पी म्हणजे दुखणं, एवढं तेलुगू सोलापुरात सगळ्यांनाच येतं. उरलेल्या शब्दात डॉक्टरांना आपलं मराठी ऐकू आलं. तोंड कडू पडलंय, म्हणजे साधा ताप. त्यांनी बाटलीभर औषध दिलं.

ताप उतरेना, तेव्हा ते तिच्या घरी गेले. एकच खोली, निम्मी हातमागाने व्यापलेली. नवरा पुन्हा तेच सांगू लागला. तेव्हा त्या बाईने डॉक्टरांचा हात धरून आपल्या पोटावर दाबला आणि मास्तरणीसारखी डाफरली, “कडुपु!”

कडुपु म्हणजे पोट, हे डॉक्टरांना तेव्हा कळलं. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड होता आणि तो पोटात बसला होता. संध्याकाळी चार विणकरांनी तिला खाटेसकट उचलून आणलं. सगळ्यांत हवेशीर खोली दिवाणखान्याची, म्हणून झुंबराखाली तिची खाट पडली. दुसऱ्या दिवशी तिला रक्त पडू लागलं. आता तिला कुशीवरसुद्धा वळवायचं नाही, असं डॉक्टरांनी घरात बजावलं.

पानसुपारी परवावर आली होती. स्वागत समितीचे अध्यक्ष तेलाचे व्यापारी होते. ते फेटा सांभाळत जिना चढले. मी तिथेच होतो.

“दोन तासांचा तर प्रश्न आहे, डॉक्टर. मागच्या खोलीत हलवा की हिला.”

“हलवली तर आतडं फाटेल.”

“साहेब काय म्हणतील?”

“ते त्यांच्या आतड्याचं त्यांनी बघावं.”

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. “रावसाहेबकी जाईल हो हातची.”

“जाऊ द्या की. ही बाई जाता कामा नये.”

अध्यक्ष डॉक्टरांच्या बाईंकडे वळले. “वहिनी, तुम्ही तरी सांगा.” त्या चांदीच्या वाटीतून विणकरणीला चमच्याने जवाचं पाणी पाजत होत्या. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “जोडे खाली काढून यायचं होतं.”

पानसुपारी अध्यक्षांच्या घरी हलली. त्यांना झालेलं दुःख, माझ्या अंदाजाने, सोसण्याजोगं होतं.

पण साहेबाची मिरवणूक आमच्याच रस्त्याने होती, पुढे बँड. तो कोपऱ्यावर आला तसे डॉक्टर अनवाणीच रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले. बँडवाले गोंधळून थांबले. आपल्या सन्मानार्थ हा गृहस्थ शांतपणे उभा आहे, असं साहेबाला वाटलं असावं. त्याने मोटारीतून टोपी काढली. सगळी मिरवणूक घरावरून मुकाट्याने गेली. एवढा गंभीर सत्कार त्या साहेबाचा पुन्हा कुठे झाला नसेल.

रावसाहेबकी आली नाही. डॉक्टर मात्र रोज सकाळी त्या विणकराकडून तेलुगू शिकू लागले. त्यांचे उच्चार ऐकून खाटेवरची बाई तोंडावर पदर घेऊन हसायची. “हसतेय,” ते मला खिडकीतून ओरडून सांगत, जणू ती परीक्षा पास झाली होती.

डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली. घर विकलं गेलं. खाली कापडाचं दुकान आहे. साहेबाची पानसुपारी इथेच झाली होती, असं नवे मालक गिऱ्हाइकांना सांगतात. मी एकदा त्यांची ही चूक दुरुस्त करायला गेलो, तर त्यांनी मला चादरी दाखवायला सुरुवात केली.

त्यांच्या गादीमागे तो जिना अजून आहे. ती बाई बरी होऊन घरी निघाली, त्या दिवशी त्याच जिन्यावरून डॉक्टर तिच्यापुढे पाठमोरे उतरत होते. दोन्ही हात पसरून, पण तिला न शिवता. ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. मध्येच तिने त्यांना तेलुगूत काहीतरी दरडावलं. डॉक्टर निमूटपणे बाजूला झाले. मग तिने कठडा सोडला आणि उरलेला जिना आपल्या पायांनी उतरून ती रस्त्यावर गेली.